रांगेतली सात झाडं

माझ्या नावावर एकच मोठा शोध होता, आणि तो निंबोल्याला मामाच्या केळीत लागला होता. त्याच्या जोरावर मला नोकरी मिळाली, स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, परिषदांची बोलावणी आली. तो शोध चुकीचा होता हे कळलं तेव्हा मी मामाच्याच बांधावर उभी होते आणि मामा माझ्याकडे बघून हसत होता.

मी बऱ्हाणपूरची. वडील शाळेत हिंदीतून विज्ञान शिकवायचे, घरात आम्ही मराठी बोलायचो आणि दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. आईचा धाकटा भाऊ निंबोल्याला केळी लावतो. दक्षिणेतल्या एका शहरात मी पीएच.डी. करत होते तेव्हा माझा विषय होता आरएनए. जनुकावरून पेशी जी नक्कल काढते ती म्हणजे आरएनए, आणि बहुतेक नकलांवरून पुढे प्रथिनं बनतात. पण काही आरएनए अगदी आखूड असतात. त्यांच्यापासून काही बनत नाही. ते दुसऱ्या एखाद्या नकलेला जाऊन चिकटतात आणि तिला गप्प करतात. कोणता आखूड आरएनए कधी वाढतो, कुणाला गप्प करतो, हे शोधायचं काम माझ्याकडे होतं.

या कामात भीती पहिल्या दिवसापासून शिकवली जाते. आरएनए फार लवकर मोडतो. आपल्या बोटांच्या घामात, श्वासात, टेबलावरच्या धुळीत त्याला तोडणारं काहीतरी असतंच. पहिली दोन वर्षं मी हातमोजे घालूनसुद्धा श्वास रोखून काम करायचे. माझे नमुने मोडायचे. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, काही बोलत नसत, फक्त चष्मा काढून पुसत. त्या चष्मा पुसण्याची मला एवढी धास्ती होती की मी जिन्यावर त्यांची पावलं ओळखायचे.

सरांना खऱ्या उन्हातली केळ हवी होती. तापवलेल्या पेटीतलं रोप नको, खऱ्या मे महिन्यातलं. मी मामाला फोन केला. मामा म्हणाला, ये, अख्खी रांग तुझी. त्यानं दिवाळीच्या आधी कंद लावले होते, जुन्या वाणाचे. डिसेंबरात मी गेले, गुडघ्याएवढ्या बारा झाडांना लाल प्लास्टिकच्या पट्ट्या बांधल्या, पट्ट्यांवर एक ते बारा आकडे घातले. थंडीतली पानं जानेवारीच्या सुरुवातीला घेतली, उन्हातली मे महिन्यात. पानाचे तुकडे छोट्या नळ्यांमध्ये द्रावणात बुडवायचे, थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरायचा आणि रेल्वेनं घेऊन जायचं. मामी बर्फाच्या कारखान्यातून स्वतः लादी आणायची आणि गोणपाटात गुंडाळून द्यायची.

उन्हातल्या पानांत एक आखूड आरएनए भरपूर वाढलेला निघाला. कसला, तर पानातून पाणी उडू देणाऱ्या एका जनुकाला गप्प करणारा. म्हणजे उन्हाळ्यात केळ स्वतःचं पाणी राखते ती अशी. आम्ही तसं लिहिलं. सरांनी त्या दिवशी चष्मा पुसला नाही. मला वाटलं, आता भीती संपली.

पुढे दहाएक वर्षांनी माझ्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी आली. शांत, नीटनेटकी, हात अतिशय स्थिर. तिला मी तोच धागा पुढे न्यायला दिला. दोन वर्षं ती केळीची रोपं तापवत होती आणि तो आरएनए वाढतच नव्हता. तिनं तीनदा सगळं पहिल्यापासून केलं. दर वेळी ती निकालाचा कागद टेबलावर ठेवून मान खाली घालून उभी राहायची आणि मी म्हणायचे, परत बघ, कुठेतरी हात चुकला असेल. सरांसारखा चष्मा मला नव्हता, एवढंच.

मग मी म्हटलं, पेटीतल्या रोपांचा भरवसा नाही, पुन्हा वावरातच जाऊ. फेब्रुवारीत आईवडिलांना भेटायला बऱ्हाणपूरला गेले होते, तेव्हा मामाच्या मोटरसायकलवर मागे बसून निंबोल्याला रांग निवडायला गेले.

आम्ही बांधावर उभे होतो. मामी चहा घेऊन आली होती. मामा म्हणाला, "या बारी बी काही फिकर करू नको. मागच्या बारी तुह्या रांगेतली सात झाडं हरण्यानं गेली, पण तुले कळू दिलं का मी?"

हरण्या म्हणजे केळीच्या पानावर पिवळे पट्टे पाडणारा रोग. झाड उपटून टाकण्याशिवाय इलाज नसतो. मला ते माहीत होतं, पण वाक्य डोक्यात शिरेना. मी विचारलं, "गेली म्हणजे?"

"उपटून फेकली. जानेवारीतच. टिश्यूची रोपं होती पिशव्यांमधली, ती लावून नांग्या भरल्या. तुह्या पट्ट्या काढल्या न् ज्या जागची त्याच जागी बांधल्या. एक आकडा इकडचा तिकडे नाही होऊ दिला."

नांग्या भरणं म्हणजे मेलेल्या रोपाच्या खड्ड्यात दुसरं रोप लावणं. शेतकरी दर वर्षी भरतात. मामी कौतुकानं सांगायला लागली की हा माणूस त्या सात रोपांना दोन महिने रोज सकाळी बादलीनं पाणी घालायचा, शेणखत वेगळं द्यायचा, मे महिन्याच्या आत ती बाकीच्यांच्या बरोबरीला आली पाहिजेत म्हणून. पोरगी एवढ्या लांबून येते, तिची रांग खाली दिसायला नको, म्हणायचा. मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. मामा म्हणाला, तू त्या टायमाला फोनवर सारखी रडायची.

माझ्या हातातला चहा सांडला. मामीला वाटलं कप गरम असेल. मी पानांकडे बघत राहिले, कारण त्या दोघांकडे बघायची हिंमत नव्हती. जुन्या कंदाचं झाड आणि प्रयोगशाळेत वाढवलेलं टिश्यूचं झाड, वाणच वेगळे. जानेवारीत मी एका वाणाची पानं घेतली होती आणि मे महिन्यात, बारापैकी सात झाडांवर, दुसऱ्याच वाणाची. ज्याला मी ऊन म्हटलं होतं तो दोन केळींमधला फरक असू शकत होता.

घरी आले तेव्हा आईनं दराबा, आमच्याकडची रव्या-तुपाची मिठाई, काढून ठेवला होता. मी एक घास खाल्ला आणि ताटली सरकवली. पोट दुखतंय असं सांगून खोलीत गेले. लॅपटॉपवर जुन्या वहीच्या पानांचे फोटो होते. मे महिन्याच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं की काही झाडं थोडी बुटकी, बहुधा उन्हामुळे वाढ खुंटलेली. खाली बारा झाडांचे आकडे. पाच झाडांत तो आरएनए जवळजवळ जानेवारीएवढाच होता. सात झाडांत कितीतरी पट. मी तेव्हा सरासरी काढली होती. सरासरी वाढलेलीच आली.

एकदा परिषदेत पिकल्या केसांच्या एका बाईंनी मला विचारलं होतं, तुमचे आकडे असे दोन गटांत पडल्यासारखे का दिसतात. मी व्यासपीठावरून हसून म्हणाले होते, वावरातली झाडं आहेत, एकसारखी कशी असतील. लोकही हसले होते. खोलीत बसून मला त्या बाईंचा चेहरा आठवला.

वाढ दिसलेल्या त्या सात झाडांचे पट्ट्यांवरचे आकडे मी एका कागदावर लिहिले: दोन, तीन, पाच, आठ, नऊ, अकरा, बारा. मामाला फोन करून, आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, कोणती सात झाडं बदलली ते आठवतं का. तो म्हणाला, आठवायचं कशाला, मोटरीच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवले होते, मिटले नसले तर असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा करून गेले. रस्ताभर मी कुठल्या तरी देवाजवळ मागत होते की आकडे मिटलेले असू देत. मी, जिनं आयुष्यभर विद्यार्थ्यांना पुरावा जपा असं सांगितलं. मोटरीच्या खोलीत अंधार होता, कोपऱ्यात खताची रिकामी पोती होती. मामानं पोती सरकवली. भिंतीवर कोळशानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. दोन, तीन, पाच, आठ, नऊ, अकरा, बारा.

मामा म्हणाला, "बघ, आहेत की नाही?"

मी फोनवर फोटो काढला. पहिले दोन फोटो पुसट आले.

त्या दिवशी घरी कुणाला सांगितलं असेल तर वडिलांना. त्यांना आता कमी ऐकू येतं. एवढी गोष्ट मोठ्यानं सांगावी लागली आणि मी खिडकी लावून घेतली, गल्लीतल्या कुणाला त्यातलं काही कळणार होतं म्हणून नव्हे, उगीचच. त्यांनी सगळं ऐकलं, दोन प्रश्न विचारले, दोन्ही शिक्षकाचे, नेमके. मग म्हणाले, "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"म्हणजे अजून तुझ्याच हातात आहे."

त्यांना धीर द्यायचा होता की इशारा, मला अजूनही ठरवता आलेलं नाही. मला तरी त्या वाक्यानं जास्तच भीती वाटली. तोपर्यंत मला वाटत होतं की गोष्ट घडून गेली आहे. आता कळलं की ती अजून घडायची आहे आणि मलाच करायची आहे.

मी प्रयोगशाळेत परतले आणि काहीही बोलले नाही. विद्यार्थिनीनं विचारलं, रांग मिळाली का. मी म्हटलं, बघू. तिनं विचारलं, तोपर्यंत सगळी द्रावणं नवी आणून चौथ्यांदा करून बघू का. मी होकाराची मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते. दिवसभर मी दार लावून आमचा निबंध आधाराला घेऊन कुणी कुणी काम केलं ते शोधत बसायचे. कुठल्या तरी देशातल्या कुणा मुलानं त्यावर प्रबंध लिहायला घेतला होता. मेल आला की मी आधी पाठवणाऱ्याचं नाव बघायचे. मला वाटायचं कुणाला तरी कळलं आहे, कळणारच कसं ते ठाऊक नसताना. जेवताना, रस्ता ओलांडताना, वर्गात शिकवताना एकच गोष्ट डोक्यात फिरायची: लोक म्हणतील हिनं मुद्दाम केलं.

आठव्या दिवशी सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग इतक्या वर्षांत कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले की त्यांना निवृत्त व्हायला पाच महिने उरले आहेत. तेवढे थांब, मग काय लिहायचं ते लिही. बारा वर्षं कुणाचं अडलं नाही, पाच महिन्यांनी काय अडणार. मी म्हटलं, माझ्याकडे एक मुलगी दोन वर्षं यावरच काम करते आहे. त्यावर त्यांनी विचारलं, "तिला अजून माहीत नाही ना?"

मी "नाही" म्हटलं आणि नंतर "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्यांचा आवाज कापत होता. ज्या माणसाच्या पावलांना मी घाबरायचे तो मला घाबरला होता.

अकराव्या दिवशी विद्यार्थिनी चौथ्या खेपेचा निकाल घेऊन आली. आरएनए वाढला नव्हता. तिनं कागद ठेवला आणि उभीच राहिली. म्हणाली, मॅडम, मी सोडायचं म्हणते आहे. सगळं नवं वापरलं, सगळं तपासलं. आता उरले फक्त माझे हात, आणि दोष त्यांच्यातच आहे.

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. भिंतीचा फोटो दाखवला, वहीचं पान दाखवलं. तिनं दोन्ही नीट पाहिलं, आकडे बोटानं एकेक जुळवले. मला वाटलं होतं ती दोन वर्षांबद्दल बोलेल. तिनं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"अकरा दिवस झाले."

"अकरा दिवस," ती म्हणाली. "मी तुम्हाला विचारून चौथ्यांदा सुरू केलं होतं."

ती उठून गेली. दार तिनं हळूच लावलं, नेहमीसारखं. मी त्याच दुपारी सरांना कळवलं की मी थांबणार नाही, आणि नियतकालिकाला पत्र लिहायला घेतलं. पत्र दोनच परिच्छेदांचं होतं. संध्याकाळपर्यंत मी ते चाळीस वेळा वाचलं असेल. पाठवायचं बटण दाबताना डोळे मिटून घेतले, लहानपणी सुई टोचून घेताना मिटायचे तसे.

सरांनी निबंध मागे घेण्याच्या संमतीच्या कागदावर सही करून पाठवली. सोबत एक शब्दही नव्हता. त्यांच्या निरोप समारंभाचे फोटो मी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाहिले.

आमच्या संस्थेनं तीन जणांची चौकशी समिती नेमली. त्यांनी सगळ्या वह्या मागवल्या आणि सांगितलं की भिंतीचा फोटो पुरेसा नाही, ज्यानं झाडं बदलली त्याचा लेखी जबाब हवा. ही गोष्ट मी टाळत आले होते. मामाला तोवर काहीच माहीत नव्हतं. त्याच्या लेखी त्यानं माझी रांग वाचवली होती.

एप्रिलच्या एका सकाळी निंबोल्याला गेले. मामा नुकताच वावरातून आला होता, ओट्यावर पाय धूत होता. मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही बोलून अडवलं नाही. पाय धुवायचे थांबले होते, तांब्यातलं पाणी तसंच. मग त्यानं मामीकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे, आणि हळू आवाजात विचारलं, "मले अंदर तर नाही करतीन?"

मी म्हटलं, असं काही नसतं, फक्त खरं लिहून द्यायचं. तो म्हणाला, सही मी करतो, पण तुले नोकरीवरून तर नाही काढणार? याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. तसं मी सांगितलं. मामीनं पदर तोंडाशी धरला.

मी त्याला पुन्हा पुन्हा समजावलं की चूक माझी आहे. बुटकी झाडं मला दिसली होती, मी त्याला एक शब्द विचारला नाही. पाच आणि सात असे आकडे वेगळे पडले होते, मी त्यांची सरासरी काढून मोकळी झाले. तू तर भिंतीवर लिहून ठेवलं होतंस, माझ्यापेक्षा नीट. तो मान हलवत होता, पण त्याला ते पटलं नाही हे दिसत होतं. त्यानं जबाब स्वतःच्या हातानं लिहिला, हिंदीत, कारण सरकारी कागद हिंदीतच असतो असं त्याला वाटतं. सही करताना विचारलं, "खड्डे तसेच राहू दिले असते तर काही नसतं झालं?"

मी म्हटलं, "पाच झाडं उरली असती."

"न् ती पाच खरी होती."

"हो."

त्यानं पेन टोपण लावून परत दिलं.

समितीचा निर्णय यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत माझं वजन उतरलं, केस गळले, टपाल उघडण्याआधी मी हात धुवायला लागले. शेवटी त्यांनी लिहिलं की फसवणूक नाही, निष्काळजीपणा आहे. नोकरी राहिली. बढतीची मुलाखत होणार होती ती झाली नाही. निबंध मागे घेतला गेला, आणि आता तो कुणी शोधला तर त्याच्यावर आडवी लाल अक्षरं दिसतात. परदेशातल्या त्या मुलाला मी स्वतः मेल लिहिला. त्यानं आभार मानले. त्याच्या आभारांनी मला रडू आलं.

विद्यार्थिनी गेली नाही. महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एक दिवस स्वतःहून म्हणाली, दोन वाण शेजारी लावून तपासू. तिनं तपासलं. तो आखूड आरएनए उन्हात वाढत नाही. एका वाणात तो मुळातच जास्त असतो, थंडीतही आणि उन्हातही. छोटीशीच गोष्ट, पण खरी, आणि ती तिच्या नावानं छापून आली. छापायला पाठवण्याआधी तिनं मला सगळ्या कच्च्या आकड्यांची वही आणून दिली आणि म्हणाली, सरासरी मी नंतर दाखवते. आम्ही दोघी तीन दिवस एकेक झाड बघत बसलो. चौथ्या दिवशीही मला पाठवू नको म्हणावंसं वाटलं. आजही कुठलाही निकाल चांगला आला की मी आधी कच्चे आकडे मागवते. चांगल्या निकालाचा आनंद असा मला आता होत नाही.

त्या प्रयोगासाठी वावर हवं होतं. मी मामाला विचारलं. पहिल्यांदाच त्यानं मला नाही म्हटलं. "या बारी दुसऱ्याच्या वावरात कर, बेटा," एवढंच बोलला, आणि जसोंडीला त्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे घेऊन गेला. तिथे आम्ही पट्ट्या बांधल्या, आठवड्यातून एकदा फोटो मागवले, झाड मेलं तर खड्डा तसाच ठेवायचा असं मालकाला लिहून दिलं.

मी पानं घ्यायला जाते तेव्हा मामा सोबत येतो. मोटरसायकल सावलीत लावतो, बांधापर्यंत येतो आणि थांबतो. मी एकदा त्याला नळ्यांचा डबा धरायला बोलावलं. तो जागचा हलला नाही. दोन्ही हात त्यानं पाठीमागे घेतले होते, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून, आणि मी रांगेतून बाहेर येईपर्यंत तो तसाच उभा होता.